तोफेची नळी

जुन्नरच्या परिसरातील डोंगरांकडे पाहिले म्हणजे कठीण वस्तूच्या पोटात शिरण्याची माणसाची हौस किती जुनी आहे, हे ध्यानात येते. शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री येथील काळ्या पाषाणात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटांनी चैत्य, विहार आणि पाण्याची टाकी कोरली. छिन्नी आणि हातोडा हीच त्यांची मुख्य हत्यारे. परंतु त्यांच्या कामात एक मोठी सोय होती. पाथरवट स्वतः त्या पोकळीत उभा राहू शकत असे. छिन्नी कोठे चालली आहे हे त्याला डोळ्यांनी दिसत असे. आणि निघालेली कपची तो हाताने बाहेर टाकीत असे. तीच पोकळी मनगटाएवढी अरुंद आणि पुरुषभर खोल करावयाची असेल, आणि पाषाणाच्या जागी धातू असेल, तर कारागिराने काय करावे?

हा प्रश्न जगापुढे टाकला तो तोफेने. सरळ, गुळगुळीत आणि सर्वत्र सारख्या व्यासाची नळी हा तोफेचा जीव होय. आणि त्या नळीत नेमका बसणारा गोळा हे तिचे दुसरे अंग. या दोहोंपैकी गोळ्याचा कारखाना पेशवाईत जुन्नर प्रांतातच उभा राहिला होता. नळीची विद्या मात्र त्याच वर्षांत दूर युरोपात वाढत होती. ही दोन अंगे एकत्र का आली नाहीत, आणि त्याचे काय परिणाम झाले, हा महाराष्ट्राच्या इतिहासातील एक विचार करण्याजोगा भाग आहे.

तोफ या प्रांताला नवी नव्हती. इ. स. १४९० मध्ये मलिक अहमद याने बहामनी सत्तेचे जू झुगारून निजामशाहीची स्थापना केली, ती जुन्नरास. पुढे राजधानी अहमदनगरास गेली, आणि तेथे १५४९ साली महंमद बिन हसन रूमी या ओतकाराने एक प्रचंड तोफ ओतली. आज विजापूरच्या बुरुजावर असलेली हीच ती मुलुखमैदान तोफ. तिचे नाव मराठीत इतके रुळले आहे की, गडगडाटी वक्त्याला लोक अद्याप त्याच नावाने संबोधतात. तिची लांबी चौदा फुटांहून किंचित अधिक, आणि नळीचा व्यास दोन फूट चार इंच. तिच्या धातूत शंभर भागांपैकी सुमारे ऐंशी भाग तांबे व वीस भाग कथील आहे.

एवढी मोठी पोकळी त्या कारागिराने पाडली नाही, ओततानाच राखली. मातीचा एक लांब गाभा करावयाचा, तो साच्याच्या मधोमध उभा ठेवावयाचा, आणि साचा व गाभा यांमधील जागेत तापलेला रस सोडावयाचा. धातू थिजला, गाभा फोडून काढला, की नळी तयार. पोकळ मूर्ती आणि घंटा ओतणाऱ्या कारागिरांना ही रीत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. मुलुखमैदानासारख्या अजस्र तोफेच्या नळीत थोडाफार वाकडेपणा राहिला, तरी तटापुढच्या शत्रूला तो जाणवण्याचा संभव कमीच.

परंतु मैदानात नेण्याजोगी लहान तोफ करावयाची म्हटली की, या रीतीचे दोष उघडे पडत. जड रसाच्या रेट्याने गाभा केसभर जरी हलला, तरी नळी एका अंगास सरकते. मग तोफेची भिंत एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ होते, आणि दारूचा जोर ती पातळ बाजू बरोबर हुडकून काढतो. गाभ्याच्या मातीत ओल राहिली, तर तिची वाफ रसात बुडबुडे करते, आणि नळीच्या आतील अंगावर मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे पडतात. अशा छिद्रात मागील बाराचा जळता कण दडून राहिला, आणि वरून नवी दारू भरली, म्हणजे भरणाऱ्या गोलंदाजाच्या प्राणावर बेतते. नळी साफ करण्यासाठी लांब दांड्याला पाते बसवून ते आतून फिरवीत. पण ओतीव नळीच वाकडी असेल, तर पातेही त्याच वाकड्या वाटेने जाते. खडबडीतपणा जातो, वाकडेपणा जात नाही.

ही सारी उणीव झाकण्याचा एक उपाय सर्व देशांत रूढ होता. गोळा नळीपेक्षा बराच लहान करावयाचा, म्हणजे तो कोठे अडकत नाही. अठराव्या शतकातील इंग्रजी तोफांत गोळ्याचा व्यास नळीच्या व्यासाच्या एकवीस भागांपैकी वीस भाग धरीत. चोवीस पौंडी तोफेची नळी ५.८२ इंचांची, तर गोळा सुमारे ५.५५ इंचांचा असे. पाव इंचाची ही फट दिसावयास क्षुल्लक; परंतु दारूचा बराच जोर त्या फटीतून फुकट निसटतो, आणि गोळा नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडतो. शेवटची आपट ज्या बाजूस बसेल त्याच्या उलट बाजूस तो कलतो. नेम धरणाऱ्याचे कौशल्य कितीही असो, गोळा कोणत्या अंगाला जाईल हे त्या फटीच्या हाती राहते. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली तोफविद्येवर ग्रंथ लिहून गोळ्याच्या वेगाचे प्रयोगसिद्ध मोजमाप प्रथमच पुढे ठेवले. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला, आणि १७५१ साली मद्रासच्या दक्षिणेकडील फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला.

आता मराठ्यांच्या दौलतीकडे वळावे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी मोठा पराक्रम केला; परंतु दिवस मावळताना माणसांबरोबर तो तोफखानाही गेला. त्याच वर्षी सोळा वर्षांचे माधवराव पेशवे गादीवर आले. एका बाजूस निजाम, दुसऱ्या बाजूस हैदर, आणि घरात चुलत्याशी कलह. अशा स्थितीत त्यांना तोफखाना पुन्हा उभा करावा लागला. तोफखान्याचा कारभार सोनोरीच्या पानसे घराण्याकडे होता. सरदार होते, गोलंदाज होते, बैलही होते. उणीव होती ती सामानाची. विकत घेतलेल्या तोफेला गोळाही विकत घ्यावा लागला, तर लढाई चालू ठेवावी की थांबवावी याचा निर्णय विकणाऱ्याच्या हाती जातो.

या विचाराचे फळ म्हणजे १७६५-६६ साली जुन्नर प्रांतातील ओतूर तर्फेत आंबेगव्हाण येथे निघालेला तोफगोळ्यांचा कारखाना. नावाच्या साम्यामुळे हे गाव घोड नदीच्या खोऱ्यातील आंबेगावाशी जोडले जाण्याचा संभव आहे. परंतु ते आंबेगाव दक्षिणेस, आणि त्याची मूळ वस्ती डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेली आहे. आंबेगव्हाण हे ओतूरच्या बाजूचे, हरिश्चंद्रगडाच्या रांगेच्या दक्षिणेस. पश्चिमेच्या डोंगरांत भट्टीच्या कोळशास लागणारे रान, जवळ जुन्नरसारखे कारागिरांचे जुने शहर, आणि नाणेघाटाने कोकणाकडे उतरणारी प्राचीन वाट. अशा मुलुखात ही भट्टी पेटली. पुढे १७६९-७० साली पुण्यातही गोळ्यांचा कारखाना निघाला.

गोळा हे काम लोहार आणि ओतारी यांच्या हातचे होते. लोखंड घडवून गोल करावे वा साच्यात ओतावे. वस्तू भरीव असते, तिचे सारे अंग डोळ्यांसमोर असते, आणि कमीअधिक झालेले कानशीने वा हातोड्याने सुधारता येते. खोल नळीचे तसे नाही. तेथे हत्याराचे टोक काळोखात असते, आणि चूक झाली ती तोफ फुटेपर्यंत कळतही नाही. म्हणूनच गोळ्यांचे कारखाने वर्षा दोन वर्षांत उभे राहू शकले, आणि नळीच्या विद्येस मात्र दुसऱ्याच प्रकारची तयारी लागली.

ती तयारी स्वित्झर्लंडातील योहान मारिट्झ या ओतकाराने १७१५ च्या सुमारास केली होती. त्याची कल्पना ऐकावयास धाडसाची वाटते. गाभा मुळीच ठेवू नये. तोफ भरीव ओतावी, आणि थंड झाल्यावर तिच्यात भोक पाडावे. भरीव ओतल्याने धातू घट्ट बसतो, आणि गाभ्याचे सारे दोष एकदम टळतात. पण सहा-सात फूट खोल भोक सरळ जावे कसे? येथे मारिट्झने नेहमीची रीत उलटी केली. सुतार लाकूड स्थिर ठेवतो आणि सामता फिरवतो. मारिट्झच्या यंत्रात पाते स्थिर असे. ते फक्त पुढे सरके. आणि आडवी ठेवलेली अख्खी तोफ आपल्या अक्षाभोवती फिरे. पाते किंचित बाजूस कलले, तर फिरणारा धातू त्यास प्रत्येक फेऱ्यात चहूबाजूंनी सारखा रेटतो, आणि पुन्हा मध्यावर आणून ठेवतो. कुंभाराच्या चाकावर गोळा फिरत असतो आणि अंगठा स्थिर असतो, म्हणून मडक्याची पोकळी मधोमध येते. तत्त्व तेच, फक्त मातीच्या जागी तोफेचा धातू.

या यंत्राचा उपयोग फ्रान्सने पद्धतशीर केला. १७६५ साली, म्हणजे ज्या साली आंबेगव्हाणची भट्टी पेटली त्याच सुमारास, ग्रिबोवाल या अधिकाऱ्याने फ्रेंच तोफखान्याची नवी घडी बसविली. तोफांची मापे थोडी आणि ठरावीक केली. नळ्या भरीव धातूतून कोरल्या. आणि गोळ्याभोवतीची फट जवळजवळ निम्म्यावर आणली. गोळा तपासण्यासाठी दोन कड्या असत: मोठ्या कडीतून तो गेलाच पाहिजे, आणि लहान कडीतून जाता कामा नये. नळीच्या आतील व्यास खोलवर मोजण्याचेही साधन होते. फट कमी झाल्याने थोड्या दारूत काम भागू लागले. दारू थोडी म्हणून भिंत पातळ चालली. भिंत पातळ म्हणून तोफ हलकी झाली. आणि हलकी तोफ घोड्यांमागे धावू लागली. सरळ भोकातून निघालेली ही परंपरा शेवटी रणांगणावरील वेगापर्यंत पोहोचली. इंग्लंडने १७७० साली यान फर्ब्रुगेन या डच ओतकारास वुलिच येथे आणून हीच आडवी यंत्रे बसविली. पुण्याचा कारखाना १७६९-७० चा. दोन्ही देशांत त्याच वर्षी तोफखान्याची चिंता वाहिली जात होती. परंतु एका ठिकाणी ती भट्टीपाशी थांबली, आणि दुसऱ्या ठिकाणी यंत्रापर्यंत गेली.

याचे परिणाम पुढच्या पिढीत दिसले. १७९०-९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडास वेढा घातला, तेव्हा कंपनीच्या पलटणीबरोबर एडवर्ड मूर नावाचा अधिकारी तेथे होता. मराठ्यांच्या मोर्चावर एक बार झाला की गोलंदाज अर्धा तास गप्पा मारीत व धूम्रपान करीत बसतात, अशी थट्टा त्याने लिहून ठेवली आहे. थट्टेत अतिशयोक्तीचा अंश धरला, तरी निरनिराळ्या मापांच्या जुन्या तोफा चालविणाऱ्याला घाई परवडत नसते, हे विसरता येत नाही. नळीचा भरवसा नसेल, तेथे सावकाशी हाच शहाणपणा ठरतो.

मराठ्यांना या उणिवेची जाणीव नव्हती असे मात्र नव्हे. महादजी शिंद्यांनी दि बॉइन्यास नोकरीस ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या, आणि आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटलंडच्या गृहस्थाच्या देखरेखीखाली तोफा ओतविल्या. ११ सप्टेंबर १८०३ रोजी दिल्लीच्या लढाईत शिंद्यांच्या तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या, तेव्हा तपासणाऱ्यांनी त्यांच्या कामाची मुक्त कंठाने वाखाणणी केली. त्यांतील काही पितळी तोफांच्या पोटात लोखंडाची नळी होती, आणि तिच्याभोवती धातू असा ओतला होता की सांध्यात कोठे फट दिसत नव्हती. खोल भोक पाडण्याच्या अडचणीवर देशी कारागिरांनी काढलेला हा आपल्या परीचा तोडगा म्हणावयाचा: लोखंडाची नळी बाहेर उजेडात घडवावयाची, आणि मग तिला पितळेचे अंग चढवावयाचे. त्यानंतर बाराच दिवसांनी, २३ सप्टेंबरला असईच्या मैदानावर याच दौलतीच्या तोफखान्याने वेलस्लीच्या लहानशा फौजेची दीड हजारांवर माणसे जायबंदी वा ठार केली. तोफ हलकी निघाली म्हणून असई हरली, असे कोणाही विचारी माणसास म्हणता येणार नाही.

उणीव होती ती निराळीच. जाणती माणसे पगारावर आणलेली होती. युद्धाच्या आरंभी त्यांपैकी कित्येक फिरली किंवा निघून गेली, आणि त्यांच्याबरोबर मापे व आराखडेही गेले. हात देशी होते, पण हिशेब परका होता. ज्या कारागिरांनी लोखंडी नळीवर पितळ चढविले, त्यांची विद्या एखाद्या शाळेत वा ग्रंथात साठविली गेली नाही; आश्रय देणारी दौलत मोडली, आणि ती विद्या त्यांच्या मुलाबाळांच्या नांगर-कुदळीत विरून गेली. १८१८ साली शिवनेरी पडली. पुढे १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीस दारूगोळ्याचा कारखाना निघाला खरा, परंतु तो इंग्रज सरकारचा होता.

इकडे भोक पाडण्याच्या त्या यंत्राने युरोपात तोफेपलीकडचे काम केले. जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने १७७४ साली भरीव बिडाच्या तोफा कोरण्याचा हक्क मिळविला, आणि लगेच वाफेच्या यंत्राचे नळकांडे कोरण्याची रीत बसविली. जेम्स वॅटचे यंत्र तोवर अडून पडले होते, कारण दट्ट्या आणि नळकांडे यांतील फटीतून वाफ निसटत असे. तोफेतील दारू आणि यंत्रातील वाफ, दोघींची तक्रार एकच होती. नळकांडे अचूक निघाले, आणि १७७६ पासून वॅटची यंत्रे कारखान्यांत चालू लागली. म्युनिकच्या शस्त्रागारात काउंट रम्फर्डने तोफ कोरताना धातू किती तापतो हे पाहिले. बोथट पाते लावून, तोफ पाण्यात बुडवून, घोड्यांच्या शक्तीने त्याने ती फिरवीत ठेवली. अडीच तासांत, विस्तवाविना, पाणी उकळू लागले. उष्णता हा काही पदार्थ नसून तिचा संबंध गतीशी आहे, हा त्याचा निष्कर्ष १७९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला.

रम्फर्डने ज्या उष्णतेचे कौतुक केले, ती कारागिराची मात्र वैरीण आहे. खोल भोक पाडताना तीन संकटे येतात: पाते वाट सोडते, कीस आत अडकतो, आणि उष्णता बाहेर पडत नाही. पहिल्याचा उपाय मारिट्झने दाखविला. दुसऱ्यासाठी पुढे बंदुकीच्या नळ्या करणाऱ्यांनी एकधारी लांब हत्यार काढले. त्याच्या पोटातील बारीक छिद्रातून तेल जोराने टोकापर्यंत जाते, आणि अंगावरील खाचेतून कीस घेऊन परत येते. या हत्याराच्या इंग्रजी नावात बंदूक अद्याप शिल्लक आहे, जरी आज ते मोटारींच्या व विमानांच्या एंजिनांसाठी वापरले जाते.

तिसरे संकट निकेलने वाढविले. १८८९ च्या सुमारास पोलादात थोडे निकेल घातले की ते चिवट होते हे सिद्ध झाले, आणि तोफांच्या पोलादात निकेल शिरले. पुढे १९४० च्या सुमारास जेट एंजिनाच्या तप्त पात्यांसाठी इंग्लंडात निमोनिक नावाचे, मुख्यतः निकेलचेच बनलेले मिश्रधातू निघाले. तांबडे लाल तापले तरी त्यांचे बळ खचत नाही. आणि जो गुण एंजिनात हवा तोच भोक पाडणाऱ्याला नको असतो. पोलाद कापताना बरीचशी उष्णता कीस आणि धातू वाटून घेतात. निकेलचे हे मिश्रधातू उष्णता फार हळू वाहून नेतात, म्हणून ती पात्याच्या धारेवरच साचते. शिवाय पाते जेथे नुसते घासले, कापले नाही, तेथील धातू आणखी कठीण होतो; पुढच्या फेऱ्याला पात्यापुढे पहिल्यापेक्षा टणक भिंत उभी असते. म्हणून येथे वेग कमी ठेवावा लागतो, पण दाब सोडून चालत नाही. धार बोथट होण्यापूर्वीच बदलावी लागते. आणि तेलाचा झोत क्षणभरही थांबता उपयोगी नाही. धीर आणि निश्चय यांचा इतका सूक्ष्म मेळ क्वचितच दुसऱ्या कामात लागत असेल.

ही विद्या आता परकी राहिलेली नाही. १९७३ साली हैदराबादेस मिश्र धातु निगम स्थापन झाला, आणि निकेलचे असे मिश्रधातू देशात तयार होऊ लागले. १९५८ साली स्थापन झालेली शस्त्रास्त्र संशोधनाची सरकारी संस्था पुण्यात पाषाण येथे आहे. तिने आखलेल्या नव्या लांब पल्ल्याच्या तोफेच्या नळीचा व्यास १५५ मिलिमीटर, आणि लांबी त्याच्या बावन्नपट, म्हणजे आठ मीटरांहून अधिक आहे. मार्च २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने या तोफांचा करार दोन देशी कंपन्यांशी केला. त्यांतील एक, भारत फोर्ज, पुण्याची आहे. यांतील पुण्याचे काम आंबेगव्हाणपासून पाऊणशे मैलांच्या आत घडते आहे.

मधल्या अडीचशे वर्षांचा विचार करू लागले म्हणजे दोष कोणाच्या माथी मारावा हे ठरविणे अवघड जाते. माधवरावांनी तोफगोळा घरचा हवा हे ओळखले, आणि पानिपतानंतर सुमारे पाच वर्षांत भट्टी पेटविली. एवढ्या संकटात एवढे सुचणे हे थोडे नव्हते. कारागिरांच्या हाताला तर उणे नव्हतेच. राहून गेले ते हेच की, हाताची विद्या मापात बसवून पुढच्या पिढीच्या स्वाधीन करणारी व्यवस्था उभी राहिली नाही. जुन्नरच्या पाथरवटांची पोकळी आजही पाहता येते, कारण ती पाषाणात आहे. आग्र्याच्या ओतकारांची विद्या पाहावयास मिळत नाही, कारण ती कोठेच लिहून ठेवलेली नाही. एखादा देश काय घडवू शकतो यापेक्षा, घडविण्याची रीत तो कोणाच्या हाती सोपवून जातो, यावर त्याचे स्वातंत्र्य अधिक अवलंबून असते. ओतूर तर्फेतील त्या विझलेल्या भट्टीचा बोध तो हाच.